जहाजाचा मालक दुबईचा आणि झेंडा कोमोरोसचा, असं कसं? धाकट्या भावाला अशा जहाजावर पाठवावं का?

पाठवू नका. झेंडा परका आहे म्हणून नाही, एजंट तुमच्याकडे चार लाख मागतोय म्हणून. तुम्ही विट्याचे, मी सांगलीचा, बरीच वर्षं जहाजावर इंजिनिअर म्हणून काढली. तेव्हा आडपडदा न ठेवता लिहितो.

आधी झेंड्याची भानगड. रात्री पुणे-बंगळूर हायवेवर ट्रॅव्हल्सच्या बसेस बघा. मालक कराडचा, ड्रायव्हर इस्लामपूरचा आणि पासिंग नागालँडचं. गाडीने कोहिमा कधी पाहिलेलंही नसतं. कर वाचतो म्हणून तिकडची पाटी. जहाजांचंही तेच. पनामा, लायबेरिया, मार्शल आयलंड्स हे देश फी घेऊन कुणाच्याही जहाजाला आपला झेंडा देतात. लायबेरियाचं हे दुकान १९४८ पासून चालू आहे आणि कारभार चालतो अमेरिकेतल्या व्हर्जिनियातून. मंगोलियाला तर समुद्रच नाही, तरी तोही जहाजं नोंदवतो! मालकाचा कर वाचतो, खलाशी कुठल्याही देशाचे घेता येतात.

पण नागालँडच्या बसला साताऱ्यात अपघात झाला तर पंचनामा साताऱ्याचे पोलीस करतात. भर समुद्रात जहाजावर कायदा चालतो तो झेंड्याच्या देशाचा. जहाज आणि देश यांच्यात खरंखुरं नातं असावं, असं १९८२ च्या समुद्र कायद्याच्या करारात लिहिलंय. ते नातं कशाला म्हणायचं, हे मात्र त्यात कुठे सांगितलेलं नाही. पळवाट तिथेच आहे.

तरी लायबेरिया, मार्शल म्हटलं की दचकू नका. जगातली उत्तम जहाजं याच झेंड्यांखाली चालतात, मीही केली आहेत. घोळ होतो तो जुन्या जहाजांचा. चांगले झेंडे दारात उभं करेनात, की मालक कोमोरोस, कॅमेरून, टांझानिया असा उतरत जातो. युरोपातल्या बंदरांच्या तपासणीत हे झेंडे काळ्या यादीत गेलेले आहेत. असलं एक जहाज एका बंदरात आमच्या शेजारीच लागलं होतं. मागच्या अंगाला, जिथे नाव आणि नोंदणीचं बंदर लिहितात, तिथे 'मोरोनी', म्हणजे कोमोरोसची राजधानी, रंगवलेलं. पण आधीच्या बंदराची वेल्डिंगने उठवलेली अक्षरं रंगाखालून स्पष्ट दिसत होती. घासून काढायचेही कष्ट कुणी घेतले नव्हते.

पगार थकला तर काय, हा खरा प्रश्न. २००६ चा सागरी कामगार करार भारताने २०१५ मध्ये स्वीकारला. त्यानुसार दोन महिने पगार दिला नाही, तर मालकाने खलाशाला वाऱ्यावर सोडलं असं धरता येतं. मग चार महिन्यांपर्यंतचा थकलेला पगार आणि घरी परतायचा खर्च विमा देतो. विमा खरा असेल तर! जहाज भारतीय बंदरात असेल तर आपल्या २०१७ च्या अ‍ॅडमिरल्टी कायद्याने पगारासाठी ते अडकवता येतं, झेंडा कुठलाही असो. २०२५ मध्ये कोचीजवळ लायबेरियाच्या झेंड्याचं एमएससी एल्सा ३ बुडालं, तेव्हा केरळ हायकोर्टाने त्याच समूहाचं दुसरं जहाज विझिंजमला अडकवायचा आदेश दिला होता. पण भाऊ शारजाच्या बाहेर नांगरावर अडकला, तर मुंबईचं कोर्ट तिथे पोचत नाही.

आता एजंट. खलाशी भरती करायला डीजी शिपिंगचं, म्हणजे केंद्र सरकारच्या जहाज खात्याचं, आरपीएसएल लायसन्स लागतं आणि नोकरी लावून देण्याबद्दल खलाशाकडून एक रुपयाही घेता येत नाही. पासपोर्ट, सीडीसी (खलाशाचं सरकारी ओळखपुस्तक), मेडिकल यांचा खर्च आपला, व्हिसाचा मात्र आपला नाही. लायसन्सवाल्यांची यादी डीजी शिपिंगच्या साइटवर आहे, त्यात याचं नाव शोधा. चार लाख कशाचे, हे त्याला लेखी मागा, बघा काय म्हणतो ते. आपल्याकडची पोरं शेत गहाण टाकून हे पैसे भरतात आणि मग पगार थकला तरी कर्जापायी जहाज सोडत नाहीत.

जहाजाचा आयएमओ नंबरही मागा. नाव आणि झेंडा कितीही वेळा बदलला तरी हा सात आकडी नंबर भंगारात जाईपर्यंत तोच राहतो. एक्वासिस नावाच्या साइटवर तो टाकला की जहाजाचं वय, मालक, कुठल्या बंदराने कधी अडकवलं ते फुकट दिसतं. 'जॉइन झाल्यावर नंबर कळेल' असं म्हणाला तर पुढे बोलूच नका. आणि भावाकडे सीडीसी आहे का, हे तुम्ही लिहिलेलं नाही. नसेल तर जहाज कुठलंही असो, आधी ते काढायला लावा.