बी.कॉम. झालंय. दोन हंगाम केळीच्या व्यापाऱ्याकडे हिशेब सांभाळला, बाकी अनुभव शून्य. पुण्यात अर्ज करायचाय, सीव्हीत काय लिहू? (रावेर)

अनुभव शून्य कसा? तुम्हीच प्रश्नात लिहिलंय की दोन हंगाम केळीच्या व्यापाऱ्याकडे हिशेब सांभाळलात. तोच सीव्हीत सगळ्यात वर घ्या. 'हिशेबाचं काम केलं' एवढ्यावर मात्र थांबू नका. दिवसाला किती गाड्यांची बिलं केली, टॅलीत नोंदी कोण करायचं, शेतकऱ्यांचं पेमेंट कसं जुळवायचात, हे आकड्यांसकट लिहा. आकडे खरेच हवेत, मुलाखतीत पहिला प्रश्न त्यावरच येतो.

आपल्याकडे निम्मे सीव्ही लग्नाच्या बायोडाट्यासारखे असतात: वडिलांचा व्यवसाय, जात, उंची, छंद वाचन. हे सगळं काढा. आधार नंबर तर अजिबात नको. पत्ता म्हणून 'रावेर, जि. जळगाव; पुण्यात राहायची तयारी' एवढं पुरे.

एक पान बास. पीडीएफ करा आणि फाइलला स्वतःचं नाव द्या, 'न्यू सीव्ही फायनल २' नको. विद्यापीठाचं नाव पदवीवर आहे तसंच टाका. जळगावच्या विद्यापीठाच्या २०१८ च्या नामविस्ताराआधीच्या पदव्यांवर नुसतं 'उत्तर महाराष्ट्र विद्यापीठ' आहे, आता आधी 'कवयित्री बहिणाबाई चौधरी' येतं.

भाषांमध्ये अहिराणी येत असेल तर बिनधास्त लिहा. धुळे-नंदुरबारकडच्या वसुलीला किंवा विक्रीला माणूस हवा असेल, तर तीच ओळ कामाला येईल. आणि प्रत्येक जाहिरात वाचून वरच्या दोन ओळी बदला. मी आधी एकच सीव्ही चाळीस ठिकाणी पाठवला होता, एकही फोन आला नाही.