दहाची नोट आणि देशीचं दुकान

मागच्या लेखात मी सहज लिहून गेले की, दारूच्या आहारी गेलेल्या भिकाऱ्याला मी कधीकधी रोख पैसे देते. त्यावर बरीच पत्रं आली. व्यसनमुक्तीचं समुपदेशन करणारी बाईच असं कसं म्हणते, हा बहुतेकांचा सूर होता. त्यांतल्या पाच पत्रांना इथे उत्तर देते.

प्रश्न : आमच्या मारुतीच्या देवळाबाहेर एक जण रोज ‘वडापावला पैसे द्या’ म्हणतो. शनिवारी दहा रुपये दिले, तर तो थेट देशीच्या दुकानात शिरला. या पापात माझा वाटा किती?

दहा रुपयांत क्वार्टर येत नाही, तेव्हा तुमच्या पापाला भागीदार बरेच असणार! थट्टा पुरे. तुम्हाला पापापेक्षा फसवणूक जास्त टोचते आहे. पण त्याने ‘दारूला द्या’ म्हटलं असतं, तर तुम्ही दिले असते का? वडापावचं नाव घेतलं की हात खिशात जातो, हे तो आपल्याकडूनच शिकला.

सत्पात्री दानाची कसोटी जुनी आहे आणि जमीनजुमला, देणग्या देताना ती लावावीच. दहाच्या नोटेसाठी रस्त्यात उभं राहून कुणाची पात्रता तपासायची म्हणजे जरा जास्तच होतं. नोट हातातून सुटली की ती त्याची. हिशेब मागायचा असेल तर मुळात देऊच नये.

मात्र ‘मी पैसे दिले नाहीत तर त्याची सुटेल’ हा भ्रम काढून टाका. वर्षानुवर्षं रोज पिणाऱ्याचं शरीर दारूवरच बेतलेलं असतं. ती अचानक तुटली की काही तासांत हात थरथरू लागतात, पहिल्या दोन दिवसांत फिट येऊ शकते, दोन-तीन दिवसांनी भास, बरळणं, ताप. उपचार मिळाले नाहीत तर माणूस दगावू शकतो. म्हणून सकाळी सातला घामाघूम, हात कापत कुणी समोर आला, तर त्याला उपदेश करू नका. फिट आली किंवा तो भलतंच काही बोलू लागला, तर 108 ला फोन करा. नाही म्हणण्याचा तुम्हाला पूर्ण हक्क आहे, पण ‘त्याच्याच भल्यासाठी’ हे लेबल त्या नकाराला लावू नका.

मी कधी देत नाही? तो झिंगलेला असेल, तोल जात असेल तेव्हा. त्यावर आणखी पडली तर तो गाडीखाली जाईल, एवढा साधा हिशेब.

प्रश्न : मी पैसे देत नाही, खायला देते. पण वडापाव दिला तर तो नको म्हणाला. एवढा माज?

माज नसेल. रोज पिणाऱ्याच्या पोटात सतत आग असते, तिखट-तळकट उतरत नाही. गर्द (ब्राउन शुगर) ओढणाऱ्याला टर्की लागली असेल, म्हणजे गर्द न मिळाल्याने अंग मोडून येत असेल, तर मळमळ, उलट्या, जुलाब चालू असतात. त्या अवस्थेत वडापावचा वाससुद्धा नकोसा होतो. ‘काय खाशील?’ एवढं विचारून बघा. बहुधा उत्तर केळं किंवा जास्त साखरेचा चहा असं येईल.

प्रश्न : स्टेशनवर दहा-बारा वर्षांची मुलं रुमालाला काहीतरी लावून हुंगत भीक मागतात. त्यांना काय द्यावं?

पैसे अजिबात नाहीत. इथे माझं मत ठाम आहे. मोठा माणूस स्वतःचं बरंवाईट ठरवतो असं निदान म्हणता तरी येतं, मुलाबाबत तसं म्हणताच येत नाही. रुमालाला असतं ते व्हाइटनर, थिनर किंवा पंक्चरवाल्याचं सोल्यूशन. बऱ्याचदा त्यात टोल्युइन नावाचं रसायन असतं. ते मेंदूवर परिणाम करतं आणि भूक मारतं म्हणून मुलांना ते हवंसं वाटतं.

एक गोष्ट फार थोड्यांना ठाऊक असते. हुंगत असलेल्या मुलाच्या अंगावर ओरडू नका, त्याच्यामागे धावू नका. अशा वेळी दचकण्याने किंवा पळण्याने हृदयाचे ठोके एकदम बिघडून मूल जागीच कोसळू शकतं. शांतपणे बाजूला व्हा आणि 1098 या मुलांसाठीच्या हेल्पलाइनवर फोन करा. मुलांना भीक मागायला लावणाऱ्याला बाल न्याय कायद्यात (2015) पाच वर्षांपर्यंत शिक्षा आहे, तेव्हा आसपास घुटमळणारा मोठा माणूस दिसला तर तेही सांगा.

प्रश्न : इंदूरमध्ये भीक देणाऱ्यावर गुन्हा दाखल होतो म्हणे. आपल्याकडे?

इंदूरमध्ये 2025 च्या सुरुवातीपासून प्रशासनाच्या आदेशाने तसं झालं. आपला मुंबई भिक्षा प्रतिबंधक कायदा 1959 चा आहे आणि त्याचा रोख मागणाऱ्यावर आहे. दिल्ली उच्च न्यायालयाने 2018 मध्ये दिल्लीपुरती याच कायद्याची बरीच कलमं रद्द केली. मला विचाराल तर व्यसनी माणसाला भिक्षेकरीगृहात डांबून व्यसन सुटत नाही.

प्रश्न : माझा धाकटा भाऊ दारूपायी घर सोडून एसटी स्टँडवर मागत असतो. आई रोज गुपचूप त्याला पन्नास रुपये नेऊन देते. मी रागावते, ती रडते. कोण बरोबर?

ताई, तुमचं पत्र मी दोनदा वाचलं. वर मी जे म्हटलं ते अनोळखी माणसाबद्दल होतं. घरच्यांचे पन्नास वेगळे. ते रोज ठरल्या वेळी येतात, त्याच्या दिवसाची घडी त्यांवर बसते आणि त्याला उपचाराकडे वळण्याची गरज भासत नाही. पण उद्यापासून एकदम बंद करा असंही मी सांगणार नाही. कारण वर लिहिलंच आहे, आणि आईचं भेटायला जाणं हाच त्याचा घराशी उरलेला धागा आहे. भेट चालू ठेवा. स्टँडजवळच्या खानावळीत महिन्याचे पैसे आधी भरा, म्हणजे आईला रिकाम्या हाताने जावं लागणार नाही.

दारू तोडायची ती सरकारी रुग्णालयाच्या मानसोपचार विभागात, औषधांच्या आधाराने. पुढे मुक्तांगणसारखं व्यसनमुक्ती केंद्र आहे. पुण्यात 1986 मध्ये अनिल आणि सुनंदा अवचट यांनी ते सुरू केलं. जवळचं केंद्र हवं असेल तर 14446 हा फोन मोफत आहे. पहिल्या भेटीला भाऊ आला नाही तरी चालतं. तुम्ही दोघी जा. आईला आधी बोलू द्या.