शाळेच्या बास्केटबॉल संघात आहे, पण नेम चुकतो. आधी कशाचा सराव करावा?

तीन गुणांच्या रेषेवरून चेंडू फेकणे काही काळ थांबवून बास्केटपासून दोन-तीन पावलांवर एका हाताने शॉट मारण्याचा सराव आधी करावा. रिंग 3.05 मीटर उंच आणि ती रेषा रिंगच्या मध्यापासून 6.75 मीटर दूर असल्याने, पायांत पुरेसे बळ न आलेला खेळाडू चेंडू खांद्यापासून ढकलतो, त्याचे कोपर बाहेर जाते आणि ती सवय पुढे सहजासहजी मोडत नाही. कोपर चेंडूखाली, चेंडू तळव्यावर नव्हे तर बोटांच्या पेरांवर, आणि चेंडू सुटल्यावर मनगट पूर्ण वाकलेले, एवढे जमले की मगच एक पाऊल मागे सरकावे. कच्च्या, म्हणजे कमी सवयीच्या हाताने ड्रिबलिंग (चेंडू जमिनीवर आपटत नेणे) आणि ले-अपही (धावत येऊन रिंगजवळ उडी मारून चेंडू टाकणे) रोज करावे. मात्र गुडघा किंवा नडगी दुखत असेल, तर उड्यांचा सराव थांबवून डॉक्टरांना दाखवावे. वाढीच्या वयात असे दुखणे अंगावर काढू नये.