महिन्याचा किराणा सायकलवरून आणायचा तर कार्गो सायकल घ्यावी का?

पुण्यात मार्केट यार्डातून धनकवडीला २५ किलोची तांदळाची गोणी, १५ किलोचा तेलाचा डबा आणि बाकीचा किराणा आणायला पुढे पेटी असलेली कार्गो सायकल घेऊ का, असं तुम्ही विचारलंय. माझ्या मते नको. ती अडीच मीटरच्या आसपास लांब असते, सोसायटीच्या लिफ्टमध्ये मावत नाही आणि गर्दीत वळवताना जीव जातो. तीनचाकी तर वळणावर झुकतच नाही, वेगात वळवली की आतलं चाक उचलतं. ॲमस्टरडॅमच्या सपाट, वेगळ्या सायकलमार्गांवर ठीक आहे.

दूधवाले वापरतात तशी जाड कॅरिअरची काळी सायकल बघा, शक्यतो लेडीज. मागे उंच सामान बांधलं की पाय मागून टाकता येत नाही, तेव्हा मधला दांडा आडवा येतो. या कॅरिअरचे पाय मागच्या चाकाच्या नटाखालीच आवळलेले असतात, म्हणून भार थेट चाकावर उतरतो. गिअरच्या सायकलीचं ॲल्युमिनियमचं कॅरिअर बारीक स्क्रूंवर असतं आणि त्यावर बहुधा २५ किलोची मर्यादा छापलेली असते. खड्ड्यांत आदळून आधी स्क्रू सैल होतो, मग तुटतो. डबल स्टँड हवाच, साइड स्टँडवर सामान चढवताना सायकल हमखास आडवी होते. चढासाठी मागचं फ्रीव्हील (मागच्या चाकावरचं, चेन बसते ते दातेरी चक्र) १८ दात्यांचं असेल तर २२ चं बसवा, चेन थोडी वाढवावी लागेल.

सगळं एका फेरीत आणू नका. पहिल्या फेरीत फक्त तांदूळ. गोणी कॅरिअरवर लांबीच्या दिशेने, सीटला टेकवून ठेवा. ती मागे लोंबली की पुढचं चाक हलकं होतं आणि हँडल थरथरायला लागतं. दुसऱ्या फेरीत कॅरिअरच्या दोन्ही बाजूंना झोळ्या लटकवा: एका बाजूच्या झोळीत डबा, दुसऱ्या बाजूला तेवढ्याच वजनाची साखर-डाळ. झोळ्या पुरेशा मागे बांधा, नाहीतर पॅडलच्या दर फेऱ्याला टाच लागते. बांधायला जुनी ट्यूब उभी कापून काढलेली पट्टी उत्तम: सुतळी ताणत नाही, म्हणून सामान दबलं की ती सैल पडते. पट्टीचं टोक मोकळं सोडू नका, चाकात गुंततं. हँडलला पिशवी अजिबात नको. ती झोके घेते आणि वळताना स्पोकमध्ये जाते.

सामानाची रुंदी हँडलपेक्षा कमी ठेवा, म्हणजे हँडल निघालं तिथून सामानही निघतं. गटाराच्या कडेने चालवू नका, भरलेली सायकल खड्डा बघून झटकन बाजूला होत नाही. डावीकडे मीटरभर जागा सोडून सरळ रेषेत चला, म्हणजे उभ्या गाडीचं दार उघडलं तरी वाचता. हाताने इशारा वळणाच्या बराच आधी द्या, वळताना दोन्ही हात हँडलवर हवेत. ब्रेक नेहमीपेक्षा खूप आधी दाबा. पावसात स्टीलच्या रिमवर ब्रेकचे रबर जवळजवळ धरतच नाहीत, तेव्हा उतार पायी उतरलेला बरा.

निघण्यापूर्वी मागच्या टायरमध्ये टायरवर छापलेल्या कमाल दाबाच्या जवळपास हवा भरा. हवा कमी असली की खड्ड्यात ट्यूब रिममध्ये चिमटते आणि जोडीने दोन भोकं पडतात. मागचे स्पोक महिन्याला एकदा बोटांनी दाबून बघा, चेनच्या बाजूचे आधी जातात. एक तुटला की रिम आऊट होते, म्हणजे वाकडी फिरते, आणि शेजारच्यांवर ताण येतो, त्यामुळे तो लगेच बदलून घ्या.