रविवारची मिसळ

चि. पोरीस,
अनेक आशीर्वाद.

तुझा निरोप काल रात्री वाचला. पहिल्या पगारानंतरच्या रविवारी नव्या माणसाला मिसळीला न्यायचं, जहाल कटाच्या, म्हणजे तिखट तवंगाच्या रश्श्याच्या, तीन वाट्या पाण्याचा घोट न घेता संपवायला लावायच्या, मग तो 'आपला' झाला. ही रीत तुमच्याकडे अजून आहे म्हटल्यावर मी गालातल्या गालात हसलो. पुढचं वाक्य वाचलं आणि हसू तिथंच राहिलं. तुझ्याबरोबर लागलेल्या दोन्ही पोरांना तीन वाट्या, आणि तुला मात्र 'मॅडम, तुमची साधी सांगितलीय.' आता तू विचारतेस, गप गुमान साधी खाऊ की तीन वाट्या रिचवून दाखवू?

माझं आधी ऐक. त्या टेबलाच्या दोन्ही बाजूंना मी बसलोय.

मी देवगडकडचा. आमच्या घरी मिरची असायची, पण ओलं खोबरं तिला सांभाळून घ्यायचं. १९८७ साली कोल्हापूरजवळ शिरोलीत, लोखंड ओतायच्या कारखान्यात लागलो आणि दुसऱ्याच महिन्यात तिसरी पाळी सुटल्यावर, सकाळी सातला, मला मिसळीला बसवलं. पहिल्या वाटीला कान गरम झाले, दुसरीला नाकातोंडातून पाणी. तिसरी अर्धी झाली असेल, तेव्हा आमच्या मेल्टरनं, म्हणजे भट्टी सांभाळणाऱ्यानं, माझ्यापुढची वाटी उचलून स्वतःकडे घेतली, ब्रेडची लादी सरकवली आणि म्हणाला, "बास भावा, कळलं." दुसऱ्या रात्री त्यानंच मला कुपोलापाशी, म्हणजे लोखंड वितळवायच्या भट्टीपाशी, नेऊन पाचर (लोखंडाचा नमुना) वाचायला शिकवली: ओतायची, गार करायची, मोडायची, टोकाचा पांढरा पट्टा किती आत गेलाय ते बघायचं. पट्टा वाढला की लोखंड कडक येणार, मशीनशॉपवाले शिव्या घालणार. महिनाभर मी तिथंच घुटमळत होतो, पण कुणी दाखवलं नव्हतं. त्यामुळं ही रीत म्हणजे नुसता माकडचाळा आहे असं मी तुला सांगणार नाही. भट्टीसमोर ज्याच्या भरवशावर लॅडलची, वितळलेलं लोखंड न्यायच्या भांड्याची, दुसरी बाजू धरायची, तो माणूस कसा आहे हे लोकांना बघायचं असतं. बघायची पद्धत मात्र अगदीच कच्ची आहे.

कच्ची का, ते सांगतो. तुमच्या फर्नेसमध्ये लोखंड १४०० अंशांच्या वर असतं, पण आपल्या जिभेवरच्या मज्जातंतूंमध्ये एक दार आहे ते साधारण ४३ अंशांनाच उघडतं आणि मेंदूला 'भाजलं' अशी वर्दी देतं. मिरचीतलं कॅप्सेसिन हेच दार उघडतं. डेव्हिड ज्युलियस यांच्या प्रयोगशाळेनं ते १९९७ साली शोधून काढलं, पुढे २०२१ चं नोबेलही मिळालं. म्हणजे तिखट ही मुळात चव नाहीच, भाजल्याची खोटी वर्दी आहे. आणि ज्याला रोज ती वर्दी येते त्याचे तंतू हळूहळू बथ्थड होतात. तुमच्या टेबलावरचे दादे पाळण्यातून उतरले ते कांदा-लसूण चटणीवर. त्यांनी कट प्यायला आणि तू प्यायलीस, यात हिमतीची तुलना कुठं आली? ही तर सवयीची परीक्षा.

आता जी गोष्ट मी इतकी वर्षं टाळली ती.

नव्वदच्या दशकात मी स्वतः शिफ्ट बघायला लागलो तेव्हा वाटी पुढं सरकवणारा मी झालो होतो. एक पोरगा आला, बिहारचा, कोअरशॉपमध्ये, साच्यातले गाभे बनवतात तिथं. रात्रभर काम केलेलं, पोटात चहा आणि बिस्किटं. दुसऱ्या वाटीला म्हणाला, "बस, साहब." आम्ही हसलो. आमच्यातल्या एकानं त्याच्या मागचं पाण्याचं तांब्याभांडं उचलून लांब ठेवलं, आणि मीही हसलो. त्यानं तिसरी संपवली. टाळ्या झाल्या. सायकलवरून खोलीकडं निघाला आणि पंचगंगेच्या पुलाअलीकडं घाम पुसताना त्याच बोटानं डोळा चोळला. दोन्ही डोळे मिटले, सायकल ट्रकच्या बाजूला गेली. गळ्याजवळचं हाड मोडलं, एवढ्यावर निभावलं. कामावर आम्ही सांगितलं, सायकलचा ब्रेक लागला नाही. बरा झाल्यावर तो गावी गेला तो परत आला नाही. मला त्याचं 'बस, साहब' आठवतं आणि ते तांब्याभांडं आठवतं. मेल्टरनं माझी वाटी उचलली होती. माझ्यासमोर पाणी उचललं गेलं आणि मी बघत बसलो.

कॉलेजात हे केलं असतं तर रॅगिंगविरोधी कायदा आहे, महाराष्ट्राचा १९९९ चा. पण तो शिक्षणसंस्थांपुरता. कारखान्यात हेच सगळं आपुलकीच्या खात्यात जमा होतं.

तेव्हा रविवारी वाटीकडं बघू नकोस, पोरी, माणसांकडं बघ. कुणीतरी 'पुरे' म्हणेल. त्या दोन पोरांपैकी एखादा म्हणेल किंवा तू म्हणशील. त्या क्षणाला कोण ब्रेड सरकवतो आणि कोण पाणी लांब ठेवतो, ते लक्षात ठेव. लॅडल कुणाबरोबर धरायची हे तुला तिथंच कळेल. ती परीक्षा तुझी एकटीची थोडीच आहे!

राहिली तुझी 'साधी' मिसळ. तुला राग आला ते मला पटलं. परीक्षेतून सूट देणं म्हणजे वर्गाबाहेर बसवणंच की. त्यांना वाटतं आपण मोठेपणा केला. तू वाद घालू नकोस. ऑर्डर देताना मोठ्यानं सांग, "मलाही कट, एक वाटी." एकच. तीन वाट्या संपवून पुरुषांना हरवलं तर दोन दिवस कौतुक होईल, आणि पुढच्या वर्षी येणाऱ्या मुलीपुढं चार वाट्या ठेवतील. एक वाटी मागायची, खायची, आणि पोट भरलं की सहज आवाजात 'पुरे' म्हणायचं. तुझ्या तोंडून ते बाहेर पडलं की शेजारच्या पोरालाही म्हणता येईल. बिचारा त्याच वाटेकडं डोळे लावून बसलेला असणार.

लालभडक रंगाला भिऊ नको. रंग ब्याडगी मिरचीचा असतो, ती दिसते त्यापेक्षा पुष्कळ सौम्य. भाजते ती संकेश्वरी आणि लवंगी. तिखट तेलात विरघळतं, पाण्यात नाही, म्हणून सगळा जाळ वरच्या तवंगात असतो. चमच्यानं तवंग बाजूला सारून खालचा रस्सा घे, वर दही माग. तोंड भाजलं तर पाणी पिऊन उपयोग नाही, आग नुसती पसरते. दूध घे, दुधातलं प्रथिन कॅप्सेसिनला धरून ठेवतं. रिकाम्या पोटी मात्र जाऊ नको.

कुणी खिशातून बाटली काढली तर सरळ उठ. हल्ली भूत जोलोकिया या महाजहाल मिरचीचा सॉस घरपोच मागवतात म्हणे. मिसळ हे अन्न आहे, ते सॉस चॅलेंजसाठीच बाटलीत भरलेले असतात. २०२३ साली अमेरिकेत असल्याच एका जहाल चिपच्या आव्हानानंतर चौदा वर्षांचा मुलगा गेला. त्याच्या हृदयात जन्मजात दोष होता, तो शवविच्छेदनात कळला. कंपनीनं ती चिप बाजारातून काढून घेतली. कुणाच्या हृदयात काय आहे ते टेबलावर बसलेल्यांना कसं दिसणार? तिथं तू उठलीस तर तुझ्यामागं आणखी एखादा उठेल. नाही उठला तरी तू उठ.

लेन्स घालू नकोस, चष्मा लावून जा. खाऊन झालं की हात साबणानं दोनदा धू, नुसत्या पाण्यानं तेल निघत नाही. परत येताना गाडी दुसऱ्याला चालवू दे.

संध्याकाळी मी गंगावेशीत दूध कट्ट्यावर असतो, साडेसहाच्या सुमाराला. तिकडं ये. आणि गेल्या आठवड्यातल्या त्या खराब हीटची, म्हणजे भट्टीच्या त्या खेपेच्या लोखंडाची, मोडलेली पाचर अजून टाकली नसशील तर पर्समधून घेऊन ये. पांढरा पट्टा खरंच किती आत गेलाय ते उजेडात बघू.

तुझा,
काका