गाडी बंद, कॅमेरा पण बंद? वाचकांचे प्रश्न

प्रश्न: आमची गाडी रात्री फोंड्याला रस्त्यावरच असते. एप्रिलमध्ये डॅशकॅम (पुढच्या काचेवरचा रेकॉर्डिंगचा कॅमेरा) हार्डवायर करून घेतला, म्हणजे किट लावून थेट गाडीच्या फ्यूजला जोडला, महिनाभर पार्किंग मोड (गाडी बंद असतानाचं रेकॉर्डिंग) रात्रभर चालला, आता लॉक केल्यावर २० मिनिटांत कॅमेरा बंद पडतो. परवा डावा दरवाजा कोणीतरी घासून गेला आणि रेकॉर्डिंग काहीच नाही. दुकानदार म्हणतो कॅमेरा खराब, नवा घ्या. गाडी घर ते शाळा २ किलोमीटर, तेवढीच चालते. (एक शिक्षिका, फोंडा)

उत्तर: ताई, नवा कॅमेरा इतक्यात घेऊ नका. महिनाभर नीट चालला म्हणजे वायरी योग्य फ्यूजला लागल्यात, आणि २० मिनिटं चालून बंद होतो म्हणजे पार्किंग मोड सुरू होतोय, फक्त किट त्याला मधेच बंद करतंय. किटचं कामच ते आहे, बॅटरीचा व्होल्टेज ठरवलेल्या आकड्याच्या खाली गेला की सप्लाय तोडायचा, म्हणजे सकाळी गाडी स्टार्ट होईल. तेव्हा प्रश्न असा की व्होल्टेज खरंच कमी आहे, की किटला तसं दिसतंय?

मल्टिमीटर घ्या किंवा ऑटो इलेक्ट्रिशियनला बोलवा. सकाळी स्टार्ट करायच्या आधी थेट बॅटरीच्या टर्मिनलवर मोजा. १२.६ व्होल्टच्या आसपास असेल तर बॅटरी भरलेली, १२.२ म्हणजे साधारण अर्धी. मग कॅमेरा पार्किंग मोडमध्ये चालू असताना किटला येणाऱ्या वायरींवर मोजा. दोन्हीकडे जवळजवळ सारखंच आलं पाहिजे. किटवर अर्धा व्होल्ट कमी दिसला तर मीटरची काळी पिन किटच्या अर्थवरून (गाडीच्या पत्र्याला बोल्टने जोडलेली वायर) काढून गाडीच्या कोऱ्या पत्र्याला लावा, आकडा लगेच वर चढला की समजा अर्थ खराब.

माझ्याच गाडीत हेच झालं होतं. बॅटरीवर १२.५ आणि किटवर ११.९, दोन दिवस मी कॅमेऱ्याची सेटिंग बदलत बसलो होतो! शेवटी ड्रायव्हरच्या पायापाशी वाकून अर्थचा बोल्ट उघडला तर रिंगखाली पेंटचा थर तसाच, आणि रिंगेच्या कडेला हिरवट पांढरी पूड. आपल्याकडची हवा अशी खारट आणि दमट, त्यात ओल्या चपला त्याच कोपऱ्यात, तिथलं कनेक्शन किती टिकणार. पॉलिश पेपरने पत्रा चकचकीत होईपर्यंत घासला, नवी रिंग लावून बोल्ट आवळला, वरून थोडं व्हॅसलीन. त्या रात्री कॅमेरा सकाळपर्यंत चालू.

आणि बॅटरीवरच व्होल्टेज कमी आला तर मग कारण तुमचे ते २ किलोमीटर. कॅमेरा ०.३ अँपिअर खात असेल तर १० तासांत ३ अँपिअर-अवर जातात, ४५ अँपिअर-अवरच्या बॅटरीला ते एका रात्रीपुरतं जड नाही, पण रोज तेवढं जाणार आणि पावसाळ्यात वायपर, लाइट, एसी लावून पाच मिनिटांत ते भरून येणार नाही. आठवड्यातून एकदा पणजीपर्यंत जाऊन या, बॅटरी जुनी असेल तर लोड टेस्ट करून घ्या. कटऑफ, म्हणजे किट ज्या व्होल्टेजला सप्लाय तोडतं तो आकडा, ११.६ वर आणायचा सल्ला कोणी दिला तर ऐकू नका, कॅमेरा जास्त चालेल पण बॅटरीची वाट लागेल. १२.० च्या खाली मी तरी जात नाही.

प्रश्न: माझा कॅमेरा पार्किंग मोडमध्ये जातच नाही, रात्रभर साधंच रेकॉर्डिंग चालू असतं, दोनदा बॅटरी उतरली. किट मी स्वतःच लावलं. (वेर्ण्याहून एक वाचक)

उत्तर: बॅटरीची आणि एसीसीची, दोन्ही वायरी कायम करंट असलेल्या फ्यूजला लागल्यात. किटला तीन वायरी असतात, एक बॅटरीची, ती कायम चालू हवी, एक अर्थ, आणि तिसरी एसीसी, ती फक्त चावी चालू की बंद एवढंच कॅमेऱ्याला सांगते. चावी काढल्यावर एसीसीवरचा करंट बंद झाला नाही तर कॅमेऱ्याला गाडी चालूच वाटते. ती वायर चावीबरोबर बंद होणाऱ्या चार्जिंग सॉकेट किंवा वायपरच्या फ्यूजला न्या, एअरबॅग आणि एबीएसच्या फ्यूजला चुकूनही हात लावू नका. वायरींचे रंग कंपनीप्रमाणे बदलतात, म्हणून लेबल वाचा. आणि फ्यूज तपासताना गाडी लॉक करून १५ मिनिटं थांबा, नव्या गाड्यांत चावी काढल्यावरही काही फ्यूजमध्ये थोडा वेळ करंट राहतो, दार उघडलं की परत येतो, त्यामुळे लगेच मोजलं तर फसाल. कटऑफ सेट असूनही बॅटरी उतरली ना, तर तोही आकडा बघून घ्या आणि बॅटरीची टेस्ट करा.

प्रश्न: पाऊस सुरू झाल्यापासून पार्किंगच्या क्लिपांनी कार्ड भरतं, सगळ्यात नुसती हलणारी माडाची झावळं. (साखळीहून)

उत्तर: मोशन डिटेक्शन (समोर काही हललं की रेकॉर्डिंग) बंद करा, फक्त धक्क्याचं ठेवा. रस्त्यावर काय चाललंय तेही हवं असेल तर टाइमलॅप्स (ठरावीक वेळाने एकेक चित्र) लावा. कार्ड हाय एन्ड्युरन्सचंच घ्या, साधं कार्ड रोजच्या लिहिण्या-पुसण्याने लवकर मरतं. आणि गाडी माडाखालून काढा हो, नारळ पडला तर क्लिप मिळेल पण काच जाईल.