सोसायटीच्या भिंतीवरचा बिबट्या : वाचकांचे प्रश्न

सीसीटीव्हीत कुठेतरी बिबट्या दिसतो, तो व्हिडिओ दोन दिवस मोबाइलवर फिरतो आणि मी बिबट्यांचा अभ्यास करते म्हणून पुढच्या आठवड्यात माझ्याकडे पत्रं यायला लागतात. बोरिवली, मुलुंड, गोरेगाव, ठाणे. पत्ता बदलतो, गोंधळ तोच असतो. म्हणून नेहमी येणारे प्रश्न इथे एकत्र घेतले आहेत. पहिलं पत्र क्रम मोडून वर घेतलं, कारण त्यात दिरंगाई जिवावर बेतू शकते.

कंपाउंडजवळ बिबट्याने आमच्या कुत्र्याची मान धरली. मी आरडाओरडा करून त्याला ओढून सोडवलं. त्या झटापटीत माझ्या मनगटावर ओरखडा आला. रक्त थोडंच आलं, हळद दाबली. आज चार दिवस झाले, जखम सुकत आली आहे. तरी इंजेक्शन घ्यायला हवं का? (कांदिवली)

या वाचकांना पत्र मिळालं त्याच दिवशी रुग्णालयात जायला सांगितलं. इथे छापते आहे ते बाकीच्यांसाठी. रेबीज फक्त पिसाळलेल्या कुत्र्यापासून होतो हा समज आधी डोक्यातून काढा. तो कुठल्याही सस्तन प्राण्याच्या लाळेतून येऊ शकतो, आणि ओरखडा बिबट्याच्या नखाचा की घाबरलेल्या कुत्र्याच्या दाताचा, हे तुम्हाला त्या अंधारात कळलेलं नाही. रक्त आलं म्हणजे जखम गंभीर गटातली. अशी जखम लगेच वाहत्या पाण्याखाली साबणाने पंधरा मिनिटं धुवायची. हळद, चुना, तंबाखू काहीही लावायचं नाही. मग थेट रुग्णालय. लशीबरोबर जखमेत इम्युनोग्लोब्युलिन (विषाणूला रोखणारी तयार प्रतिपिंडं) द्यायचं का, धनुर्वाताचं इंजेक्शन हवं का, हे डॉक्टर ठरवतील. शेजारी नाही, मी पण नाही. महापालिकेच्या रुग्णालयात ही लस मिळते. चार दिवस गेले म्हणून आता उपयोग नाही, असं मनाशी ठरवून घरी बसणं सगळ्यात वाईट. लक्षणं दिसायला लागल्यावर मात्र वैद्यकशास्त्राच्या हातात जवळजवळ काही उरत नाही. कुत्र्याला पशुवैद्याकडे न्या आणि वन विभागाला कळवा.

रात्री दोन वाजता सोसायटीच्या पाइपवरून एक प्राणी उतरताना कॅमेऱ्यात दिसला. काळपट अंग, लांब शेपूट. बिबट्याचं पिल्लू आहे का? (मुलुंड)

नाही, उदमांजर आहे. फळं, उंदीर, घुशी खातं, तुमच्या वाटेला जाणार नाही.

संजय गांधी राष्ट्रीय उद्यानात नक्की किती बिबटे आहेत? आणि लपून राहणारा प्राणी तुम्ही मोजता कसा? पायाच्या ठशांवरून का? (बोरिवली)

ठशांवरून नाही. ठशावरून प्राणी मांजरकुळातला आहे की कुत्रा, हे कळतं: कुत्र्याच्या ठशात नखं उमटतात, बिबट्या चालताना नखं आत ओढून घेतो. पण हा ठसा आणि तो ठसा एकाच बिबट्याचा, असं छातीठोकपणे सांगता येत नाही.

आम्ही कॅमेरा ट्रॅप लावतो. पायवाटेच्या दोन्ही बाजूंना, गुडघ्याच्या उंचीवर, समोरासमोर दोन कॅमेरे. अंगाच्या उष्णतेची हालचाल टिपली की ते आपोआप फोटो काढतात. दोन कशाला? कारण बिबट्याच्या अंगावरची ठिपक्यांची नक्षी प्रत्येकाची वेगळी असते आणि एकाच बिबट्याच्या डाव्या-उजव्या कुशीवरचीही सारखी नसते. एकच बाजू मिळाली तर एका जनावराची दोन मोजली जातील. मग कॉम्प्युटरवर फोटो शेजारी शेजारी ठेवायचे. मांडीच्या वर चिकटलेले दोन ठिपके, त्यांच्याखाली एक तुटका, त्याच्या मागे एक पोकळ, अशी एक खूण धरायची आणि शेकडो फोटोंत तीच शोधत बसायचं. डोळे दुखतात, पण चुकायला वाव कमी राहतो.

अशाच पद्धतीने 2015 साली उद्यान आणि आजूबाजूच्या परिसरात 35 बिबटे नोंदले गेले, 2018 साली 47. उद्यान सुमारे 104 चौरस किलोमीटरचं. एवढ्या जागेत इतके बिबटे जगात फार कमी ठिकाणी आहेत. बिबट्यांचं खाणं आम्ही विष्ठेतून शोधतो. विष्ठा धुऊन त्यातले केस सूक्ष्मदर्शकाखाली ठेवले की चितळाचा कुठला, कुत्र्याचा कुठला, ते दिसतं. 2018 साली प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासाचा अंदाज असा की इथल्या बिबट्यांच्या आहारात सुमारे 40 टक्के वाटा भटक्या कुत्र्यांचा आहे. हा आकडा लक्षात ठेवा, पुढच्या उत्तरात लागेल.

आमच्या सोसायटीच्या मागच्या भिंतीवर महिन्याभरात तीनदा बिबट्या दिसला. कुणाला इजा झाली नाही. तरी लहान मुलं आहेत, लोक घाबरलेत. वन विभाग पिंजरा लावायला तयार नाही. आम्ही सह्यांची मोहीम घेऊन नगरसेवकांकडे जाणार आहोत. त्याला धरून दूर जंगलात सोडायला काय हरकत आहे? (गोरेगाव पूर्व, सोसायटीचे सेक्रेटरी)

हरकत आहे, आणि मोठी आहे. हा प्रश्न दर महिन्याला येतो म्हणून सविस्तर लिहिते.

पहिली गोष्ट कायद्याची. बिबट्या वन्यजीव संरक्षण कायदा, 1972 च्या पहिल्या अनुसूचीत आहे. मुख्य वन्यजीव रक्षकांच्या लेखी परवानगीशिवाय त्याला पकडता येत नाही, आणि नुसता भिंतीवर दिसला हे त्यासाठी कारण होत नाही. स्थानिक अधिकारी टाळाटाळ करत नाहीत, नियमाने वागतात.

पण कायदा बाजूला ठेवू. समजा पिंजरा लावला. त्यात नेमका कोण अडकणार? जो भक्ष्याच्या वासाने आला तो. तुमच्या भिंतीवर बसणारा असेल किंवा नसेल. अडकलेला बिबट्या रात्रभर गजांवर धडका देतो, दातांनी सळ्या चावतो. मी पाहिलेल्या एका मादीचा वरचा सुळा मुळापासून तुटला होता, जबड्याभोवती रक्त वाळलं होतं आणि पंजाची दोन नखं पिंजऱ्याच्या फळीत अडकून राहिली होती. सुळा गेलेल्या बिबट्याला चितळ धरून ठेवता येत नाही. मग तो काय धरेल, याचा विचार तुम्हीच करा. मादीला पिल्लं असतील तर ती मागे उपाशी राहतात.

आता ‘दूर जंगलात’. प्रत्येक बिबट्याची हद्द ठरलेली असते. नव्या जागी आधीच दुसरा असतो, तो याला टिकू देत नाही. मग हा परत निघतो, अनोळखी गावांमधून, रस्त्यांवरून, भुकेला. 2009 साली पारनेर तालुक्यात विहिरीत पडलेला एक म्हातारा नर काढून, जीपीएस पट्टा बांधून माळशेज घाटात सोडला. अभ्यासकांनी त्याला ‘आजोबा’ नाव दिलं. तो 120 किलोमीटरच्या आसपास चालत थेट मुंबईच्या राष्ट्रीय उद्यानापाशी पोहोचला. वाटेत त्याने कुणावर हल्ला केल्याची नोंद नाही. 2011 साली मुंबई-अहमदाबाद महामार्गावर वाहनाच्या धडकेने तो गेला, शरीरातल्या चिपवरून ओळख पटली. जंगलात नेऊन सोडलेलं जनावर तिथेच राहतं, असं ज्यांना अजून वाटतं त्यांनी हा प्रवास नकाशावर काढून पाहावा.

आणि पुणे जिल्ह्यातलं जुन्नर. 2001 पासून तिथल्या उसातले बिबटे मोठ्या संख्येने धरून इतरत्र सोडायला सुरुवात झाली. वन्यजीव अभ्यासक विद्या अत्रेय आणि सहकाऱ्यांनी त्याचा अभ्यास केला. आधीच्या वर्षांत माणसांवर वर्षाला सरासरी 4 हल्ले होत होते, ही मोहीम सुरू झाल्यावर ते 17 झाले. जीवघेण्या हल्ल्यांचं प्रमाण 18 टक्क्यांवरून 36 टक्क्यांवर गेलं. पिंजरे वाढले आणि हल्लेही वाढले. मुंबईत 2004 च्या जूनमध्ये उद्यानाच्या कडेला माणसं मेली, तो काळही बिबटे पकडून इथे-तिथे सोडण्याचाच होता.

नर उचलला की त्याची हद्द मोकळी होते आणि आठवड्यांत नवे, बहुधा तरुण नर तिथे शिरतात. तुमच्या भिंतीवर बसणारा ओळखीचा होता, माणसांची ये-जा पाहून वाट काढणारा. त्याच्या जागी नवखा येतो, ज्याला तुमच्या वॉचमनची फेरी कधी असते ते माहीत नसतं. सह्यांच्या मोहिमेतून तुम्ही हे मागून घेताय.

माणसावर हल्ला झाला तर गोष्ट वेगळी. तेव्हा कॅमेरे लावून नेमका कुठला प्राणी आहे ते ओळखून त्यालाच पकडावं लागतं, आणि मी त्याच्या विरोधात नाही. 2022 च्या दिवाळीत उद्यानाला लागून असलेल्या आरे कॉलनीत बिबट्याच्या हल्ल्यात एका चिमुरडीचा जीव गेला. त्या घरापुढे कुठलंही शास्त्र सांगायला जीभ रेटत नाही. पण तुमच्याकडे हल्ला झालेला नाही.

सह्यांच्या ऐवजी एक काम करा. मागच्या भिंतीलगत काय पडतं ते रात्री अकरा वाजता जाऊन बघा. ओला कचरा उघडा असतो का? जवळचा चिकनवाला पिसं आणि आतडी कुठे टाकतो? भिंतीपाशी कुत्र्यांना कोण जेवण घालतं? कचऱ्यामागे कुत्रे येतात आणि कुत्र्यांमागे बिबट्या, वरचा 40 टक्क्यांचा आकडा आठवा. कचरा बंद डब्यात ठेवा, गाडी यायच्या वेळेलाच बाहेर काढा, भिंतीलगतची झुडपं छाटा, दिवे लावा. आणि परिक्षेत्र वन अधिकाऱ्यांना सोसायटीत बोलवा. ते येतात, जागा पाहून सांगतात. नगरसेवकांकडे जायचंच असेल तर कचऱ्याची तक्रार घेऊन जा.

माणसाच्या रक्ताची चव लागली की बिबट्या नरभक्षक होतो, आपलं रक्त खारट असतं म्हणे. खरं का? (पवई)

खोटं आहे. कुठल्याही अभ्यासाचा त्याला आधार नाही, पुढे पाठवू नका.

एक कंपनी सोसायटीला बिबट्या पळवणारं यंत्र विकते आहे. आवाज आपल्याला येत नाही, प्राण्याला येतो म्हणतात. हप्त्यावर मिळतं. घ्यावं का? (ठाणे, घोडबंदर रोड)

घेऊ नका. रात्रभर लोकलचे भोंगे, लग्नाचे बँड आणि फटाके ऐकत जगणारा हा प्राणी आहे. विक्रेत्याकडे निष्पक्ष चाचणीचा कागद मागा, मिळणार नाही. लोक घाबरलेले असतात त्याच आठवड्यात हे विक्रेते दारात येतात, याचा मला संताप येतो. त्याहून मोठं नुकसान असं की यंत्र बसलं की लोक निर्धास्त होतात आणि मुलं अंधारात एकटी सुटतात. तेच पैसे दिव्यांवर घाला.

आम्ही आरेतल्या पाड्यात राहतो. संडास घरापासून लांब आहे. संध्याकाळी पोरांना घेऊन जायची भीती वाटते. ताई, काय करावं? (गोरेगाव)

तुमची भीती रास्त आहे, आणि या सगळ्या पत्रांत खरा धोका तुमच्या घराला आहे, बाराव्या मजल्यावरून व्हिडिओ काढणाऱ्यांना नाही. बिबट्या उभ्या, मोठ्या माणसाला सहसा टाळतो. लहान मूल, किंवा अंधारात उकिडवं बसलेलं, वाकलेलं माणूस त्याला छोटं जनावर वाटू शकतं. म्हणून अंधार पडल्यावर मुलाला एकटं दाराबाहेरही सोडू नका. जाताना दोन मोठी माणसं, मुलं मधे, हातात टॉर्च, मोठ्याने बोलत किंवा फोनवर गाणी लावून. समोर आलाच तर पळू नका, खाली बसू नका. मुलाला उचलून घ्या, तोंड त्याच्याकडे ठेवून हळूहळू मागे या आणि त्याला जायला वाट मोकळी ठेवा. काठ्या-दगड घेऊन घेरू नका. घेरलेला बिबट्याच सगळ्यात जास्त माणसं जखमी करतो.

तुमच्यातले म्हातारे वाघबारशीला वाघोबाला पुजतात. त्यांना विचारा, कुठल्या वाटेने तो येतो-जातो हे त्यांना आमच्या कॅमेऱ्यांच्या आधीपासून ठाऊक आहे. बाकी घराजवळ संडास आणि वाटेवर दिवा हा तुमचा हक्क आहे. पाड्यातल्या बायकांनी मिळून लेखी अर्ज करा, त्याची एक प्रत वन विभागालाही द्या. दिवा लागेपर्यंत वनरक्षकांच्या संध्याकाळच्या गस्तीत तुमची वाट घ्यायला सांगा. दिसला की 1926 वर फोन करा, टोल फ्री आहे.

बिबट्याचं पिल्लू सापडलं तर घरी आणून दूध पाजावं का? (वसई)

हात लावू नका, गर्दी करू नका, 1926 ला फोन करा. आई बहुतेक वेळा जवळच असते आणि रात्री पिल्लाला घेऊन जाते.

मी बी.एस्सी. झूलॉजीच्या दुसऱ्या वर्षाला आहे. मला बिबट्यांवर संशोधन करायचं आहे. मित्र आरेत ‘नाइट ट्रेल’ला नेणार आहे, दीड हजार रुपये घेतात आणि बिबट्या दाखवायची हमी देतात. अनुभव म्हणून जाऊ का? (विलेपार्ले)

जाऊ नकोस. हमी देणारा माणूस एक तर खोटं बोलतो, नाहीतर कोंबडी टाकून बिबट्याला बोलावतो. दुसरं असेल तर तो त्या प्राण्याला माणसाजवळ खाणं मिळतं हे शिकवतो, आणि त्याची किंमत वर पत्र लिहिणारी आरेच्या पाड्यातली आई मोजते. अशा लोकांची नावं वन विभागाला कळव.

संशोधनात बिबट्या प्रत्यक्ष दिसणं क्वचितच घडतं. आमचा बराचसा वेळ बॅटऱ्या बदलण्यात, विष्ठेचे नमुने वाळवण्यात आणि पाड्यांमधल्या माणसांशी बोलण्यात जातो. प्रत्येक कामाला वन विभागाची लेखी परवानगी लागते, पट्टा बांधायचा असेल तर केंद्राचीही. हे आवडणार असेल तर ये. संख्याशास्त्र पक्कं कर, आमच्याकडे येणारी मुलं तिथेच अडतात. पुढे डेहराडूनची भारतीय वन्यजीव संस्था आणि बंगळुरूचं नॅशनल सेंटर फॉर बायोलॉजिकल सायन्सेस (एनसीबीएस) इथे वन्यजीव विषयात एम.एस्सी. करता येते. प्रवेशाचं वेळापत्रक आत्ताच बघून ठेव आणि कॉलेजमधल्या प्राध्यापकांशी बोल. सुट्टीत काम करायचं असेल तर उद्यानाच्या कार्यालयात अर्ज दे, जनजागृतीच्या कामाला तिथे माणसं लागतात.